पिस्तुलाचा बोअर

माझा एक जुना विद्यार्थी खामगांवास रुईचा व्यापार करतो. गेल्या हंगामांत तो कांहीं कामासाठीं बुलढाण्यास जिल्हाधिकारी कचेरींत आला होता. तेथून तसाच माझ्या घरीं आला. नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, रोकड घेऊन रात्रीं-अपरात्रीं गांवोगांव फिरावें लागतें. पिस्तुलाच्या परवान्यासाठीं अर्ज दिला आहे. परवाना मिळाला तर बोअर कोणता घ्यावा? मित्र म्हणतात, घ्यायचें तर नऊ मिलिमीटरचें घ्यावें. बत्तीस बोअर म्हणजे खेळणें!"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. जन्मभर खडूखेरीज दुसरें हत्यार हातीं धरलें नाहीं. परंतु विचार करतां असें दिसलें कीं, हा प्रश्न निम्मा गणिताचा आहे आणि निम्मा विवेकाचा. म्हणून त्याला पूर्वीप्रमाणेंच समोर बसविलें. तोच पाठ आज आपणांपुढें ठेवतों.

बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. बत्तीस बोअर म्हणजे एका इंचाचे बत्तीस शतांश. एका इंचाचे २५.४ मिलिमीटर, तेव्हां उत्तर सुमारें ८.१ मिलिमीटर यावें. पण युरोपांत याच काडतुसाला ७.६५ मिलिमीटरचें म्हणतात, आणि प्रत्यक्ष गोळी मोजली तर ती सुमारें ७.९ मिलिमीटर भरते! तात्पर्य, बोअरचा आंकडा हें काडतुसाचें नांव आहे, माप नव्हे. नांवावरून माणसाची पारख होत नाहीं, तशी काडतुसाचीही होत नाहीं.

मग पारख कशानें करावी? गोळीचें वजन आणि तिचा वेग यांवरून. बत्तीस बोअरची गोळी सुमारें साडेचार ग्रॅमची असून तिचा वेग सेकंदास पावणेतीनशें मीटर असतो. नऊ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसाची गोळी साडेसात ग्रॅमची. वेग साडेतीनशें मीटर. अमेरिकन पंचेचाळीस बोअरची गोळी पंधरा ग्रॅमची. वेग सुमारें अडीचशें मीटर. गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. हिशेब केला तर बत्तीसची ऊर्जा सुमारें १७० ज्यूल, नऊ मिलिमीटरची ४६० आणि पंचेचाळीसची ४७० येते. दुप्पट वजनाची गोळी असूनही पंचेचाळीस बोअर नऊ मिलिमीटरच्या फारसा पुढें जात नाहीं, तो या वर्गामुळेंच.

परंतु हाताला बसणारा धक्का वर्गानें वाढत नाहीं. तो वजन व वेग यांच्या साध्या गुणाकारानें वाढतो. बत्तीसचा धक्का एक मानला, तर नऊ मिलिमीटरचा दोन आणि पंचेचाळीसचा तीन होतो. ज्याच्या हाताला संवय नाहीं, त्याची दुसरी गोळी कोठें जाईल याचा भरंवसा नाहीं. शिवाय, लहान काडतुसाच्या पिस्तुलाची रचनाही साधी असते. गोळी सुटतांच वरचा सरकता भाग मागें येतो, रिकामें टरफल बाहेर टाकतो व नवें काडतूस नळींत भरतो. लहान काडतुसाचा जोर त्या भागाच्या वजनानें व स्प्रिंगनें सांवरला जातो. मोठ्या काडतुसाला नळी व सरकता भाग क्षणभर एकमेकांत अडकवून ठेवावे लागतात. म्हणून तें पिस्तूल बहुधा अधिक अवजड असतें.

हें झालें गणित. आतां कायदा. भारतीय शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखालचे नियम प्रथम १९६२ चे व पुढें २०१६ चे. त्यांप्रमाणें लष्कराचें नऊ मिलिमीटरचें काडतूस ज्यांत बसतें तें पिस्तूल सामान्य नागरिकाला वर्ज्य आहे. बत्तीस बोअरला तशी आडकाठी नाहीं. या बोअरचें 'अशनी' पिस्तूल बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत बनतें, आणि काडतुसें आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यांत. हा कारखाना १८६९ चा. म्हणजे मित्रांनीं जो वाद घातला, त्याचा निकाल कायद्यानें आधींच लावून ठेविला आहे.

आणि लहान बोअर म्हणजे खेळणें, हें म्हणणें तर इतिहासालाच मान्य नाहीं. ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराचें बत्तीस बोअरचें पिस्तूल १८९९ सालीं बेल्जममध्यें निघालें. त्याच्या नांवाचीं पिस्तुलें पुढें महाराष्ट्रांतही आलीं. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तुलानेंच गोळ्या झाडल्या. १९१४ सालीं सारायेव्हो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजावर जी गोळी सुटली, ती नऊ मिलिमीटरच्या आंखूड काडतुसाची. लष्करी नऊ मिलिमीटरच्या मानानें हें काडतूस पुष्कळच दुबळें. त्या गोळीनंतर महायुद्ध पेटलें. आणि ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत महात्माजींचा देह ज्या इटालियन बेरेटा पिस्तुलानें पडला, त्याचेंही काडतूस तेंच, दुबळें म्हणून हिणविलेलें. श्रोतेहो, गोळी लहान असते. तिचा परिणाम लहान नसतो.

एवढें ऐकून विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे गुरुजी, बत्तीसच घ्यावें?"

मीं विचारलें, "घरांत मुलें किती?"

"दोन नातू आहेत. धाकटा सात वर्षांचा."

"पिस्तूल ठेवणार कोठें?"

"उशाखालीं," तो म्हणाला, आणि स्वतःच गप्प झाला.

मीं त्याला इतकेंच सांगितलें: "आधीं भिंतींत लोखंडी कपाट बसव. पिस्तूल एका कुलपांत, काडतुसें दुसऱ्या कुलपांत, आणि दोन्ही किल्ल्या तुझ्या कमरेला. नियमांत शस्त्र सुरक्षिततेचें शिक्षण सांगितलें आहे, तें कागदापुरतें घेऊं नकोस. आणि रोकड बँकेंतून जाऊं शकत असेल, तर पिस्तुलाची गरज किती उरते तेंही एकदां वजा करून पाहा."

पंधरा दिवसांनीं त्याचा निरोप आला. परवाना अजून मिळालेला नव्हता. कपाट मात्र बसलें होतें, आणि निम्म्याहून अधिक देणीं बँकेमार्फत होऊं लागलीं होतीं. वजाबाकी त्याला शाळेंत कधींच साधली नव्हती. या खेपेस बरोबर आली.

श्रोतेहो, बोअर निवडणें सोपें आहे. तें शस्त्र आपल्या घरांत यावें कीं न यावें, हें ठरविणें कठीण. तो हिशेब ज्यानें त्यानें आपापल्या घरीं, मुलें निजल्यावर, शांतपणें करावा, एवढें विनवून मी आपली रजा घेतों.