घरपट्टीवर हरकत घ्या, घराची नोंद सोडू नका



परवा एका पाड्यावर घरपट्टीच्या नोटिसा आल्या. एक म्हातारी उभी राहून म्हणाली, "माझं घर कुडाचं, वर गवत. मग कागदावर पक्कं कसं झालं?" मागून एक पोऱ्या ओरडला, "फाडून टाका नोटीस, पट्टी भरूच नका!"

राग खरा आहे. पण नोटीस फाडू नका. का, ते सांगतो.

आपली कितीतरी घरं वनजमिनीवर आहेत. त्यांना सातबारा नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा, तर 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ती जागा आपल्या ताब्यात आहे, हे दाखवावं लागतं. 2008 च्या नियमांत जे पुरावे लिहिलेत, त्यांत घरपट्टीची पावतीसुद्धा आहे. पावतीनं मालकी होत नाही, आणि एकटी पावती पुरतही नाही, एकाहून जास्त पुरावे लागतात. पण माणूस इथं राहत होता, हे ती सांगते. म्हणून आपलं म्हणणं एवढंच: पट्टी खरी लावा, नोंद मात्र काढायची नाही.

आता कामाला कसं लागायचं?

पहिलं. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 चा उतारा मागा. ही आकारणीची वही. कोणाचं घर, किती मोठं, कशाचं बांधलेलं, पट्टी किती, हे तिच्यात असतं. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारं पोर बरोबर न्या.

दुसरं. घराला टेप लावा. वहीतलं माप जुळतं का? आंगण घरात धरलंय का? कुडाची भिंत विटांची लिहिलीय का? दोन शेजारी साक्षीला ठेवा.

तिसरं. नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. असं लिहा: "माझे घर कुडाचे व गवती छपराचे आहे. वहीत पक्के लिहिले आहे. समक्ष पाहणी करून नोंद दुरुस्त करावी व त्याप्रमाणे पट्टी आकारावी. घराची नोंद माझ्या नावे कायम ठेवावी." दोन प्रती करा. आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय उठू नका. ग्रामसेवकाला तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

चौथं. ऐकलं नाही, तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 124 खाली पंचायत समितीकडे अपील करा. त्याच्यावर जिल्हा परिषदेची स्थायी समिती. अपिलालाही मुदत असते, म्हणून निकाल हातात पडला की लगेच संघटनेकडे या. एकेकटे जाऊ नका, पाडाभर मिळून जाऊ. अर्ज मात्र घरटी वेगळा.

आणि पैसे दिले की पावती घ्याच. नाव, वर्ष, रक्कम तिथंच वाचून घ्या.

जुन्या पावत्या कुडात खोचून ठेवल्यात ना? वाळवी लागायच्या आत काढा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला. बापाच्या नावाची असली तरी टाकू नका. पुढच्या बैठकीला सगळ्या घेऊन या, एकत्र बसून लावू.

जोहार! जिंदाबाद!