पदकाची मागची बाजू



तळहातावर मावेल असं एक ब्राँझचं पदक. पुढच्या बाजूला भरघोस मिशांचा अमेरिकन आरमारी अधिकारी, कमोडोर जॉर्ज ड्युई. पालथं करा, की दिसतो गोलंदाज. गोलंदाज म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. हा मूळ अर्थाचा, तोफेवरचा. कमरेपर्यंत उघडा, तोफेवरच बसलेला. खाली जहाजाचं नाव. आणि कडेवर कोरलेलं असतं, पदक ज्याला मिळालं त्याचं नाव.

उघडा का? तर १ मे १८९८, मनिलाची सकाळ. पावणेसहाच्या सुमाराला अमेरिकन तोफा स्पेनच्या जहाजांवर सुरू झाल्या. उष्ण कटिबंधातला मे महिना, पोलादी जहाजं, खाली धगधगते बॉयलर. अंगात कपडे ठेवणार कोण? साडेसातला ड्युईनं माघार घेतली, कारण निरोप आला की तोफेमागे पंधराच गोळे उरलेत. नंतर कळलं, पंधरा उरले नव्हते, पंधरा झाडून झाले होते! थांबलोच आहोत तर खलाशांनी न्याहारी उरकली. दुपारपर्यंत स्पेनचा तो ताफा संपला. अमेरिकन बाजूचा एक इंजिनिअर तेवढा दगावला, तोही शत्रूच्या गोळ्यानं नव्हे.

महिनाभरानं अमेरिकन काँग्रेसनं पदक मंजूर केलं. घडवलं डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी. वॉशिंग्टनचा तो बसलेला लिंकन पुढे त्यांनीच केला. पदक ड्युईलाही मिळालं. आता स्वतःचा चेहरा स्वतःच्याच छातीवर कसा मिरवायचा? सांगतात, की तो पदक उलटं लावत असे. चेहरा आत, गोलंदाज बाहेर.

अमेरिका-स्पेनच्या त्याच युद्धातल्या वेस्ट इंडीजच्या मोहिमेसाठी १९०१ साली दुसरं ब्राँझ पदक निघालं. त्यावर चेहरा त्या मोहिमेतल्या आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल सॅम्प्सन यांचा. पंचाईत अशी, की ३ जुलै १८९८ला क्युबातल्या सँटियागोच्या बंदरातून स्पॅनिश जहाजं बाहेर पडली, तेव्हा सॅम्प्सन लष्कराच्या सेनापतीला भेटायला निघाले होते. लढाईत आघाडीवर होते ते त्यांच्या हाताखालचे कमोडोर श्ले. विजयाच्या तारेत सॅम्प्सननी श्ले यांचं नावही घातलं नाही. त्यावरून वर्तमानपत्रांत कितीतरी शाई सांडली, चौकशी समितीही बसली.

आणि श्ले यांच्या ‘ब्रुकलिन’ जहाजावरच्या खलाशांना छातीवर लावायला मिळाले सॅम्प्सन. त्या पदकाच्याही मागे एक अधिकारी, एक खलाशी आणि एक मरीन सैनिक कोरलेले होते. ते उलटं लावावंसं कितीजणांना वाटलं असेल!