मंडईला नाव फुल्यांचं, मग त्यांच्या प्रश्नाचं काय?

(कामतघर, भिवंडी येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



आज मी पुण्यातल्या एका जुन्या बाजाराच्या इमारतीबद्दल बोलणार आहे. कामतघरमध्ये बसून पुण्याची गोष्ट कशाला, असं वाटेल. पण त्या इमारतीवरून झालेला वाद आपल्याही कामाचा आहे.

पुण्याच्या शुक्रवार पेठेत महात्मा फुले मंडई आहे. मधोमध अष्टकोनी दगडी बांधकाम, वर उंच मनोरा, आजूबाजूला भाजी-फळांचे गाळे. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. नगरपालिकेने ही इमारत बांधली आणि ५ ऑक्टोबर १८८६ रोजी ती सुरू झाली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे, म्हणून नाव पडलं रे मार्केट.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला. ३२ सदस्यांत विरोध करणारे एकटे फुले होते. हा पैसा शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडईच्या खर्चालाही त्यांनी आणि हरी रावजी चिपळूणकरांनी विरोध केला. मुद्दा तोच, आधी शिक्षण.

फुले काही व्यापाराचे विरोधक नव्हते. ते स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, घराणं फुलांच्या धंद्यातलं. बाजारात बसणाऱ्याचे हाल त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण त्याच बाजारात बसणाऱ्याची मुलं शाळेत जात नाहीत, हेही त्यांना दिसत होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी हेच मांडलं: सरकारी महसूल येतो कष्टकऱ्यांकडून, आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर.

पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. गव्हर्नरचं नाव जाऊन फुल्यांचं आलं, हे चांगलंच झालं. मंडईनेही पुण्याची भरपूर सेवा केली. पण नाव देऊन प्रश्न मिटत नाही. पैसा कुणाचा, आणि तो आधी कुणासाठी खर्च व्हावा, हे फुल्यांनी विचारलं होतं. ते आजही विचारावंच लागतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे यादीत शंभर कामं असतात आणि सगळीच महत्त्वाची असतात. खरा निर्णय असतो तो पहिलं काम कोणतं याचा. शहराचंही तसंच आहे. कमानी, चौकांची सजावट, सभागृहं, सगळं हवंच असतं. पण आपल्या भिवंडीत मराठी, उर्दू, तेलुगू बोलणाऱ्या यंत्रमाग कामगारांची मुलं महापालिकेच्या शाळेत शिकतात. त्या शाळा यादीत कितव्या क्रमांकावर आहेत?

हे शोधणं अवघड नाही. महापालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी मांडलं जातं. त्यात शिक्षणासाठी तरतूद किती, आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. मिळत नसतील तर माहिती अधिकार कायदा २००५ आहे. दहा रुपयांचं शुल्क भरून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा; तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

बत्तीस जणांत एकट्याने हात वर करायला हिंमत लागते. आपण तर इथे बरेच जण आहोत. पहिला अर्ज कोण लिहिणार?