गाळा घेण्याआधीची वही

धंदा काढायचा म्हटलं की आपल्याकडे पहिली चर्चा होते ती नावाची. मग गाळा, पाटी, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं. भांडवल बहुतेक वेळा घरातलंच. वडिलांची ग्रॅच्युइटी, नाहीतर आईचे दागिने. ते बुडाले तर पुन्हा उभे करायला वडिलांकडे नोकरीची वर्षं उरलेली नसतात. म्हणून डिपॉझिट देण्याआधी दोन-तीन महिने वही घेऊन बसावं.

समजा, थालीपिठाची भाजणी विकायची आहे. धान्य, गॅस, दळण, पिशवी मिळून किलोला 120 रुपये पडतात आणि पाकिटावर किंमत 180. साठ सुटले असं वाटतं. पण दुकानदार वीस टक्के मागतो. 36 रुपये तिथेच गेले. उरले 24. महिन्याला दहा हजार घरात यायचे तर चारशेहून अधिक किलो खपायला हवी, म्हणजे रोज चौदा किलो. घरच्या कढईत रोज एवढी भाजून होईल? आणि रिक्षाभाडं तर अजून धरलेलंच नाही.

खरी गोम आहे उधारीत. धान्य रोखीनं आणायचं आणि दुकानदार पैसे देणार दीड महिन्यानं. रोजच्या चौदा किलोनं 45 दिवसांत तुमचे 75 हजार रुपये बाजारात अडकतात. यंत्रासाठी कर्ज काढणारे पुष्कळ, पण या खेळत्या भांडवलाची तरतूद केलेली क्वचितच दिसते. छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असं 2006 चा कायदा सांगतो खरा. पण गल्लीतल्या वाण्याला नोटीस कोण धाडणार? दुसऱ्या दिवशी तोच माल ठेवायचा बंद करतो!

लिज्जत पापडाची सुरुवात आठवा. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी पाकिटं झाली फक्त चार. पण ती द्यायची कुणाला, ते ठरलेलं होतं. भुलेश्वरचा एक ओळखीचा व्यापारी.

तुम्हीही आधी वीसच पाकिटं करा आणि अनोळखी लोकांना विका. फुकट वाटू नका. नातेवाईक 'छान झालीय' म्हणणारच, त्यांचं मत वहीत लिहू नका. पैसे देऊन दुसऱ्यांदा कितीजण आले, तेवढं लिहा.

कागदपत्रांचा बाऊ नको. खाद्यपदार्थ असल्यानं अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवीच. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. तिच्यासाठी एजंटाला हजार रुपये मोजू नका. कर्जयोजनांची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा, पण जाताना ती वही बरोबर असू द्या. आणि तोवर हातातली नोकरी सोडू नका.