वादळाचे माप



वसंतातल्या व्याख्यानाला वादळाचा विषय कोणी दिला, असे एका स्नेह्याने आम्हांला वाटेत विचारले. दिला कोणी नाही, आम्हीच मागून घेतला. वैशाख सरू लागला की कोकणातला माणूस एका डोळ्याने आंब्याकडे आणि दुसऱ्याने पश्चिमेच्या आभाळाकडे पाहतो. तेव्हा हा विषय अवेळी आहे असे आम्हांला वाटत नाही.

आपला समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा शांत, ही जुनी समजूत खोटी नव्हे. इथे वादळे कमी उठतात, आणि उठली तरी बहुतेक ओमानकडे किंवा गुजरातकडे निघून जातात. पण अरबी समुद्राचे पाणी अलीकडे तापू लागले आहे, आणि तापलेले पाणी हेच वादळाचे अन्न. 2009 च्या नोव्हेंबरात फयान आले, तेव्हा ऐन हंगाम होता, होड्या दर्यात होत्या. किती खलाशी परत आलेच नाहीत! 2021 च्या मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातेत गेले. तौक्ते म्हणजे ब्रह्मी भाषेत ओरडणारी पाल. चुकचुकली ती मात्र फार मोठ्याने.

आज बोलायचे आहे ते निसर्ग वादळाविषयी. 3 जून 2020 रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस ते किनाऱ्यावर चढले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. मिऱ्याला त्या दिवशी ‘बसरा स्टार’ जहाज येऊन रुतले, ते पाहायला गर्दी लोटली. आम्हीही गेलो होतो. परंतु खरा तडाखा बसला तो उत्तरेला, मंडणगड-दापोलीला. हवामान खात्याने सूचना वेळेवर दिली होती, माणसे हलवली गेली. फयानमध्ये माणसे गेली. निसर्गमध्ये माणसे पुष्कळशी वाचली आणि झाडे गेली.

झाडे गेली म्हणजे काय गेले, हे घाटावरच्या मंडळींना चटकन कळत नाही. ऊस पडला तर वर्ष जाते. बाणवली माड लावल्यापासून सहा-आठ वर्षांनी धरतो आणि मग साठ-सत्तर वर्षे देत राहतो. पोफळीलाही सहा-सात वर्षे लागतात. 2020 च्या पावसाळ्यात लावलेल्या पोफळीची सुपारी हाती यायची ती 2027 च्या सुमारास. त्यातही पोफळ सावलीतले झाड. वरचे माड कोसळले की वाचलेल्या पोफळींचे खोड उन्हाने करपते. म्हणजे वादळ संपल्यावरही झाडे मरतच राहतात.

आता नुकसानभरपाईचे पाहा. सरकारने बागांना हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर केले. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण हर्णै-आंजर्ले-केळशीकडे हेक्टर कोणापाशी आहे? तिथे आगर मोजतात ते गुंठ्यांनी. हेक्टरात सुमारे शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे. पाच गुंठ्यांच्या आगराला अडीच हजार रुपये, आणि त्या पाच गुंठ्यांत आजोबांनी लावलेले माड, मध्ये साठ-सत्तर पोफळी, एखादे जायफळ, मिरीचे वेल! अडीच हजारांत पडलेले माड तोडून बाहेर काढण्याची मजुरीसुद्धा भागत नाही. लोकांनी ओरड केली, ती रास्तच होती. पुढे सरकारने माप बदलले आणि झाडामागे दर ठरवला: माडाला 250, पोफळीला 50. रक्कम फार वाढली असे आम्ही म्हणणार नाही. चांगला माड वर्षाला ऐंशी-एक नारळ देतो, आणि 250 रुपयांत तेव्हा फार तर दहा-पंधरा यायचे. पण माप बरोबर झाले. कोकणातली बाग ही जमीन नसून झाडे आहेत, एवढे तरी कागदावर मान्य झाले.

मात्र झाडे मोजायची तर ती जागेवर हवीत ना? आमच्या एका स्नेह्यांचे दापोलीकडे आगर आहे. घराच्या दारापर्यंत पोफळी आडव्या पडलेल्या, वीज नाही, पाणी काढायला पंप चालत नाही. पंचनाम्याला कोणी येईपर्यंत वाट अडवून बसणार कसे? त्यांनी झाडे तोडून बाजूला केली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही तेच केले, आणि पुढे मोजणीला माणूस आला तेव्हा अनेकांपाशी दाखवायला काही उरले नव्हते. आमचे स्नेही जुने शाळामास्तर. तोडण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक बुंध्यावर चुन्याने आकडा घातला होता आणि वहीत लिहून ठेवला होता: माड अमुक, पोफळ अमुक, कोणी लावला, कोणत्या साली. मोजणीदाराने वही चाळली आणि म्हणाला, “गुरुजी, साल लिहायला आमच्या तक्त्यात रकानाच नाही.”

“नसू दे,” मास्तर म्हणाले, “माझ्या वहीत आहे.” आणि त्यांनी पुढच्या पानावर नव्या रोपांचे आकडे घालायला सुरुवात केली.