संगणकीय चित्रकला : उपजत देणगी आणि सराव



पहिलीतील मुलाचा ‘ग’ वाकडा आला, तर ‘याला अक्षराची देणगी नाही’ असे कोणी म्हणत नाही. पाटीवर तो पुन्हा गिरवून घेतला जातो. परंतु त्याच मुलाने काढलेली घागर एका बाजूस कलली, की ‘चित्रकला याच्या हातातच नाही’ असा निर्णय चटकन दिला जातो. संगणकीय चित्रकलेत तर अशा निर्णयाची घाई अधिकच होण्याचा संभव असतो.

याचे कारण साधनाच्या रचनेत आहे. संगणकाला जोडावयाच्या साध्या ग्राफिक टॅब्लेटला स्वतःचा पडदा नसतो. लेखणी मेजावर फिरते आणि रेषा समोरच्या पडद्यावर उमटते. हात एकीकडे, दृष्टी दुसरीकडे. कागदावर सफाईने रेखाटन करणाऱ्याचीही रेषा येथे प्रारंभी डळमळते. हा प्रतिभेचा अभाव नव्हे. हात आणि डोळा यांची नवी सांगड अद्याप बसलेली नसते, इतकेच. सरळ रेषा, वर्तुळे व लंबवर्तुळे रोज थोडा वेळ काढण्याचा परिपाठ ठेवला, की ती बसू लागते.

यंत्र रंग मिसळते, चुकलेली रेषा क्षणात पुसते, थरावर थर रचू देते. परंतु प्रकाश कोणत्या बाजूने येतो आणि घागरीची सावली कोठे पडते, हे पाहण्याची सवय ते लावीत नाही. चूक कोठे झाली हे न पाहताच ती पुसली, तर तीच चूक पुन्हा होते.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. त्यांनी आयपॅडवर काढलेली वसंतागमनाची चित्रे २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मोठ्या आकारात प्रदर्शित झाली, तेव्हा त्यांचे वय सत्तरीपुढे होते. साधन नवे होते. परंतु त्यामागील रेखाटनाची साधना १९५० च्या दशकात ब्रॅडफर्डच्या कला विद्यालयात सुरू झालेली होती.

मग उपजत गुणांना काहीच स्थान नाही काय? तसेही नाही. अँडर्स एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या अभ्यासावरून १९९३ साली हेतुपूर्वक सरावाचे महत्त्व प्रतिपादिले. पुढे २०१४ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. संगीतातील कौशल्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यापैकी सुमारे २१ टक्केच अशा सरावाने स्पष्ट होतो, असे त्यात आढळले. म्हणजे सराव हे सर्वस्व नव्हे. मुलामुलांत फरक राहणारच. परंतु शिक्षकाच्या हाती जे आहे, ते सरावच. आणि पुरेसा सराव मिळण्यापूर्वी कोणात किती गुण आहेत, हे सांगण्याचे खात्रीचे साधन कोणापाशीही नाही.

महाराष्ट्रात या सरावाची वाट जुनी व परिचित आहे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांतील वस्तूंचे रेखाटन, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हाच संगणकीय चित्रकलेचाही पाया होय. त्यासाठी प्रारंभी वीज लागत नाही. पाटी, खडू आणि समोर ठेवलेला तांब्या पुरे होतो.

शिक्षकांनी प्रत्येक मुलाची चित्रे तारीख घालून जपावीत आणि त्याची तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच्याच मागील चित्राशी करावी. चुकीच्या रेषेवर बोट ठेवून ती का चुकली हे सांगावे. जेथे शाळेत वा ग्रामपंचायतीत संगणक आहे, तेथे तो कुलपात न ठेवता ठरावीक वेळी मुलांना खुला करावा.

घागर सरळ काढता येणारे प्रत्येक मूल चित्रकार होणार नाही. परंतु ती दुसऱ्यांदा काढण्याची संधी कोणालाही नाकारली जाऊ नये. ती संधी देणे वा नाकारणे हे दैवाच्या नव्हे, वडीलधाऱ्यांच्या हाती असते.