गायरान कुणाचं?



१९६८ साली गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं लिहिलं : कुरण सगळ्यांचं असलं की जो तो जादा गुरं सोडतो, कुरण उजाड होतं. इलाज म्हणे दोनच : सरकारी अंकुश नाहीतर खाजगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रम बाईंनी तिसरी वाट दाखवली : लोक आपसांत नियम करून कुरण राखतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मी विचारतो, हे 'लोक' म्हणजे कोण? महाडचं चवदार तळं नगरपालिकेनं ठराव करून खुलं केलं होतं. तरी १९२७ साली ओंजळभर पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. १९६४ साली पडीक जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांच्या मागं हजारो भूमिहीन तुरुंगात गेले.

२०११ साली सुप्रीम कोर्टानं गावच्या सामायिक जमिनीवरली अतिक्रमणं हटवा म्हटलं. सरकारी पट्टा मिळालेल्या भूमिहीनांना, दलित-आदिवासींना अपवाद ठेवला. मग बिनपट्ट्याचा जो गायरान कसतो, त्यानं जायचं कुठं?

गाव कुरण राखील, खुशाल राखू द्या. पण गावकुसाबाहेरचा माणूस आधी गावात मोजा. नियम करायला त्याला बसवा. नाहीतर ही तिसरी वाटही पाटलाच्या वाड्यावरच जाते!